कांदळवने आणि किनारी अन्नजाळे

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील कांदळवनांतून चिखलाटे, समुद्रगवताची कुरणे, प्रवाळभिंती व उथळ समुद्र या शेजारच्या अधिवासांना होणारा अन्नपुरवठा. कोकणच्या खाड्यांत तिवर, कांदळ व चिप्पी ही या वनांतील परिचित झाडे.

गळून पडलेले कांदळाचे पान ताजेपणी फारसे कोणी खात नाही. त्यात टॅनिन भरपूर आणि नायट्रोजन अगदी कमी असतो. काही खेकडे ते ओढत बिळात नेतात व कुरतडतात. उरलेले पाण्यात भिजते, टॅनिन निघून जाते, बुरशी व जीवाणूंचा थर चढतो आणि पान कुजत जाईल तसे त्यातील नायट्रोजनाचे प्रमाण वाढते. हा चुरा कोळंबी, शंखशिंपले व बोय यांच्या पोटात जातो आणि त्यांच्यावर जिताडा, तांबोशी व बगळे जगतात. फ्लॉरिडातील नॉर्थ नदीच्या मुखाशी विल्यम ओडम व एरिक हील्ड यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ही साखळी उलगडली. ओहोटीबरोबर हाच चुरा समुद्रालाही पोसतो, हे मत पुढे बराच काळ जवळजवळ गृहीत धरले गेले.

कार्बनच्या समस्थानिकांच्या मोजणीने त्याला मुरड घातली. कांदळाच्या पानांत कार्बन-१३चे प्रमाण समुद्रगवत व वनस्पतिप्लवकांपेक्षा कमी असते. त्यामुळे प्राण्याच्या शरीरातला कार्बन कोठून आला, याचा अंदाज बांधता येतो. गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा येथे तळाच्या अपृष्ठवंशी प्राण्यांचा मुख्य आहार वनस्पतिप्लवक व चिखलावरील सूक्ष्म शैवाल हा असल्याचे दिसले; पानांचा वाटा मर्यादित होता. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांनाही कांदळवनाचे पाहुणे म्हटले जाते, पण ते प्रामुख्याने चिखलाटावरचे शैवाल व बारीक जीव गाळून खातात.

जे अन्न खरोखर दूरवर जाते, ते बरेचसे प्राण्यांच्या रूपाने. उधाणाच्या ओहोटीला खेकड्यांच्या माद्या डिंभ सोडतात आणि लहान मासे त्यांवर तुटून पडतात. कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात. पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात, वाढतात व परत जातात. आधारमुळांच्या गर्दीत लहान माशांना आसरा मिळतो, कारण मोठ्या शिकारी माशांना तेथे सहज शिरता येत नाही. कॅरिबियन समुद्रातील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कांदळवनांशी जोडलेल्या प्रवाळभिंतींवर खाद्यमूल्य असलेल्या काही माशांचे जैववस्तुमान दुपटीहून अधिक आढळले. स्कॅरस ग्वाकामाया हा पोपटमासा, म्हणजे अटलांटिकमधील सर्वांत मोठा शाकाहारी मासा, तर कांदळवन तोडल्यावर काही ठिकाणी नाहीसाच झाला. पोपटमासे प्रवाळावरचे शैवाल खरवडून खातात, त्यामुळे ही हानी भिंतीलाही भोवते.

ही वाहतूक खाडीच्या मुखातून होते. तेथे बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्ले अडकली, तर वन शाबूत असूनही समुद्राकडे जाणारा हा वाटा घटतो.