फिनॉल-आल्डिहाइड रेझिने : पेटंट वर्गीकरण

फिनॉल वर्गातील संयुगे आणि आल्डिहाइडे यांच्या संघननातून बनणाऱ्या संश्लिष्ट रेझिनांना आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात सी०८जी ८/०० हा मुख्य गट दिलेला आहे. घरोघरी दिसणारा कुकरचा काळा दांडा याच कुळातला. मात्र वर्गीकरण दांडा पाहत नाही, रेणू कसे जोडले गेले ते पाहते. सी०८ हा कार्बनी महारेणूंचा वर्ग आहे. त्यात कार्बन-कार्बन द्विबंध उघडून होणारी बहुवारिके सी०८एफमध्ये जातात, तर इतर मार्गांनी बनणारी सी०८जीमध्ये. फिनॉलऐवजी युरिया किंवा मेलामाइन वापरले की गट बदलून १२/०० होतो, आणि दोन्ही एकत्र आले की १४/००. म्हणून या गटाचा क्रमांक पदार्थाचे नाव सांगत नाही, त्याची घडण सांगतो.

कोकणातील काजू हे याचे चांगले उदाहरण आहे. काजूच्या टरफलातील तेल तापवले की त्यातील अ‍ॅनाकार्डिक आम्लापासून कार्डानॉल मिळते. या फिनॉलला मेटा स्थानी पंधरा कार्बनांची साखळी असते. फॉर्माल्डिहाइडशी संयोग झाल्यावर त्याचे रेझिन बनते आणि ते ब्रेकच्या अस्तरात वापरतात. कच्चा माल झाडाचा असल्याने हे रेझिन नैसर्गिक पदार्थांत घालावे, असा आक्षेप घेता येईल. पण झाडाने फक्त फिनॉल पुरवले, महारेणू अभिक्रियेत घडला. तेव्हा त्याची जागा ८/०० मध्येच. खरी अडचण उपगटाची आहे. ८/१२ या उपगटाच्या शब्दरचनेत ऑर्थो किंवा पॅरा स्थानी एकच हायड्रोकार्बन शाखा असलेली फिनॉले येतात, मेटा शाखेचे कार्डानॉल त्यात अक्षरशः बसत नाही. उपगटांची चौकट कुठे तोकडी पडते ते इथे दिसते, मूळ तत्त्व मात्र ढळत नाही.

एकाच रेझिनाला अनेक क्रमांक मिळतात, हा गोंधळ नव्हे का? मिश्रणासाठी सी०८एल ६१/०६, चिकटद्रव्यासाठी सी०९जे १६१/०६ आणि ब्रेकच्या अस्तरासाठी एफ१६डी ६९/०२ असे क्रमांक आहेत, कारण शोध रेझिनात असू शकतो, मिश्रणात किंवा वापरातही. शब्दशोधाने काम भागेल, हेही अर्धसत्यच. याच गटातली रेझिने कुठे नोव्होलॅक, कुठे रेसोल, कुठे बेकेलाइट म्हणून नोंदलेली असतात, क्रमांक मात्र भाषेगणिक बदलत नाही. तरीही क्रमांक म्हणजे हक्क नव्हे. बेकेलाइटचे संशोधक लिओ बेकलँड यांचे १९०९ मध्ये मंजूर झालेले प्रसिद्ध अमेरिकी पेटंट पदार्थाचे नव्हते, फिनॉल व फॉर्माल्डिहाइडपासून अविद्राव्य पदार्थ बनवण्याच्या पद्धतीचे होते. भारतात तर १९७० च्या कायद्यानुसार, तो १९७२ मध्ये लागू झाल्यापासून २००४ अखेरपर्यंत, रासायनिक प्रक्रियेने बनणाऱ्या पदार्थावर पेटंट मिळतच नव्हते, केवळ पद्धतीवर मिळे. १ जानेवारी २००५ पासून पदार्थालाही संरक्षण मिळू लागले. ८/०० हा गट पद्धत आणि पदार्थ दोन्हींना सारखाच लागतो. त्यामुळे कोकणातल्या कारखानदाराला क्रमांकावरून पेटंट कुठे शोधायचे ते कळते, पण आपल्याला काय बनवता येईल हे ठरवण्यासाठी त्या पेटंटातील दावेच वाचावे लागतात.