खाडाखोड, रेषा आणि वाचक : हौशी रेखाटनाच्या वाचनाचा इतिहास

१

लेखन थबकले की हात थांबतोच असे नाही. शब्द सुचेनासा झाला म्हणजे लेखणी समासाकडे वळते, खोडलेल्या शब्दाभोवती घुटमळते, एखादा चेहरा, पक्षी वा नुसती जाळी काढू लागते. मराठीत या क्रियेला 'रेघोट्या ओढणे' म्हटले जाते. 'हाताचा चाळा' असेही म्हटले जाते. दोन्ही शब्दप्रयोगांत किंचित उपहास आहे, कारण ही रेषा हेतूपूर्वक काढलेली नसते आणि ती काढणारा बहुधा चित्रकार नसतो. अशा रेषेला कलेच्या इतिहासात स्थान मिळण्यास फार वेळ लागला, आणि साहित्याच्या इतिहासात ते अजूनही पुरेसे मिळालेले नाही. या रेषेचा इतिहास मांडायचा तर ती कशी काढली गेली, एवढे सांगून भागत नाही. ती कोणाला दाखविली गेली आणि पाहणाऱ्याने तिला काय मानले, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. खाजगी कागदावरची रेषा दुसऱ्याच्या दृष्टीस पडते, त्याच क्षणी तिला वाचक लाभतो. आणि हा वाचकच तिचे स्वरूप ठरवितो.

या दृष्टीने 1930 हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी मॉस्कोमध्ये अब्राम एफ्रोस यांचा पुश्किनच्या रेखाटनांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच शहरात रवींद्रनाथ ठाकूर यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. दोघेही कवी, दोघेही चित्रकलेचे रीतसर शिक्षण न घेतलेले, आणि दोघांच्याही रेषेचा उगम कवितेच्या कच्च्या खर्ड्यात. परंतु एकाची रेखाटने खर्ड्याचा भाग म्हणून वाचली जात होती, तर दुसऱ्याची खर्ड्यापासून दूर येऊन भिंतीवर टांगली गेली होती. या दोन घटनांमधील अंतर हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

पुश्किनच्या हस्तलिखितांत शेकडो रेखाटने आहेत : मित्रांच्या आणि स्त्रियांच्या पार्श्वमुद्रा, घोडे, झाडे, पावले, आणि स्वतःचा चेहरा तर पुनःपुन्हा. एफ्रोस यांचे महत्त्व असे की, त्यांनी ही रेखाटने सुटी चित्रे म्हणून न पाहता काव्यरचनेच्या विरामांत उमटलेल्या खुणा म्हणून पाहिली. ओळ अडली, मन दुसरीकडे गेले आणि जेथे गेले तेथील आकृती कागदावर उतरली. अशी आकृती म्हणजे कवितेच्या घडणीचाच एक पुरावा ठरतो.

या रेषेचे दोन प्रकारचे अस्तित्व पुश्किनमध्येच दिसते. जुलै 1826 मध्ये पाच डिसेंबरवादी बंडखोरांना फाशी देण्यात आले. त्यानंतर पुश्किनने एका हस्तलिखित पानावर वधस्तंभ आणि त्यावर लटकणारे पाच देह रेखाटले, आणि जवळच एक अपुरी ओळ लिहून सोडून दिली. ज्या गोष्टीचा उच्चार कवितेत करता येत नव्हता ती येथे रेषेने केली. आणि ते पान कोणाला दाखविण्यासाठी नव्हते. याउलट 1829 च्या सुमारास उशाकोव्ह भगिनींपैकी येलिझावेता हिच्या आल्बममध्ये त्याने काढलेली रेखाटने मुळातच इतरांनी पाहावीत म्हणून होती. त्या काळच्या रशियन घरांतील आल्बम म्हणजे पाहुण्याने कविता लिहावी, चेहरा रेखाटावा, थट्टा करावी आणि पुढच्या पाहुण्याने ती पाहून हसावे अशी वही होती. हौशी रेषेच्या देवाणघेवाणीची ही एक सुसंस्कृत रीत होती. तिच्यात कौशल्याची परीक्षा नव्हती. परिचय हीच प्रवेशाची अट होती.

पॅरिसमधील अतिवास्तववाद्यांनी 1925 च्या सुमारास सुरू केलेला खेळ या रीतीचा दूरचा वारस म्हणता येईल. घडी घातलेल्या कागदावर एकाने डोके काढायचे, दुसऱ्याने ते न पाहता धड, तिसऱ्याने पाय. आधी हा खेळ शब्दांचा होता, नंतर तो रेषांचा झाला. खेळणाऱ्यांत ईव्ह तांगीसारखा चित्रकार होता, तसेच ब्रतों आणि प्रेव्हेर यांच्यासारखे शब्दांचे लोकही होते. चित्रकार आणि अचित्रकार यांच्यातील भेद पुसला जावा, हाच खेळाचा हेतू होता. परंतु आल्बम आणि हा खेळ यांत एक मूलभूत फरक आहे. आल्बममधील रेषेमागे ओळखीचा हात असे. येथे हात कोणाचा हे कळूच नये अशी योजना होती. रेषा व्यक्तीची न राहता अबोध मनाची साक्ष ठरू लागली.

या बदलाचे टोक 1937 मध्ये लंडनला गाठले गेले. आदल्याच वर्षी फ्रँक काप्राच्या 'मिस्टर डीड्स गोज टू टाउन' या चित्रपटातील न्यायालयाच्या प्रसंगाने 'डूडल' हा शब्द सहज ओढलेल्या रेघोट्यांसाठी लोकप्रिय केला होता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ भोळसट वा मूर्ख माणूस असा होता. 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या वृत्तपत्राने वाचकांकडून त्यांच्या रेघोट्या मागविल्या आणि सुमारे 9000 रेखाटने जमा झाली. ती पुढे मॅक्ले, गुटमन आणि मायर-ग्रोस या मनोविकारतज्ज्ञांच्या हाती गेली. त्यांचा अभ्यास 1938 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा रोख मनोविकृतीच्या काही प्रश्नांकडे होता. सामान्य माणसांनी फावल्या वेळात काढलेल्या आणि हौसेने पाठविलेल्या रेषा अशा रीतीने लक्षणांच्या कोष्टकात बसविल्या गेल्या. ज्या कागदावर, ज्या मजकुराशेजारी त्या उमटल्या होत्या तो संदर्भ या प्रवासात गौण ठरला. रेषेला वाचक मिळाला. पण तो वैद्य होता.

३

आता रवींद्रनाथांकडे वळता येईल. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे पुतणे नामांकित चित्रकार असलेल्या घराण्यात रवींद्रनाथ मात्र दीर्घकाळ हौशीच राहिले. 1900 साली जगदीशचंद्र बसूंना लिहिलेल्या पत्रात आपल्या चित्रकलेच्या खटाटोपाची थट्टा करताना, आपला हात पेन्सिलीपेक्षा खोडरबरावर अधिक बसत चालला आहे, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे. पुढील घडामोडी पाहता ही थट्टा अर्थपूर्ण वाटते. त्यांच्या चित्राचा जन्म खरोखरीच खोडण्यातून झाला.

'रक्तकरबी' या नाटकाचे त्यांनी अनेक खर्डे केले, आणि त्या खर्ड्यांत खोडलेल्या मजकुराला आकार येत गेलेले दिसतात. 1924 च्या अखेरीस, पेरूच्या निमंत्रणावरून निघालेले रवींद्रनाथ आजारपणामुळे अर्जेंटिनात थांबले. बुएनोस आयरेसजवळच्या सान इसिद्रो येथे व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी त्यांची राहण्याची व्यवस्था केली. तेथे त्यांच्या टेबलावर 'पूरबी'तील कवितांची वही असे. खोडलेला शब्द नुसता काट मारून सोडलेला नव्हता. त्यावर दाट रेघा भरलेल्या होत्या. असे दोन-चार काळे पुंजके वळणदार रेषांनी जोडलेले होते. आणि त्या जोडणीतून चोचीचे प्राणी, सर्प, मुखवटे डोकावत होते. ओकाम्पो यांना या खाडाखोडीचे अप्रूप वाटले आणि त्यांनी ते कवीला बोलूनही दाखविले. 'पूरबी' 1925 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 'विजया' या नावाने त्यांनाच अर्पण करण्यात आली. मुद्रित पुस्तकात अर्थातच त्या प्राण्यांना जागा नव्हती.

येथे सामायिकतेचा पहिला टप्पा दिसतो. ओकाम्पो यांना बंगाली येत नव्हते. त्यांच्यासाठी पानावरची कविता अबोल होती आणि खाडाखोड बोलकी. जिला ओळी वाचता येत नाहीत अशी वाचक लाभल्यामुळेच रेषा ओळींपासून स्वतंत्रपणे पाहिली गेली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. रवींद्रनाथांच्या चित्रकलेचा जगाशी झालेला परिचय या न वाचण्यावर उभा आहे.

दुसरा टप्पा सार्वजनिक होता. 1928 च्या सुमारापासून रवींद्रनाथ खर्ड्यापासून स्वतंत्र अशी चित्रे काढू लागले होते. मे 1930 मध्ये ओकाम्पो यांच्याच खटपटीने पॅरिसच्या गॅलरी पिगाल येथे त्यांचे पहिले प्रदर्शन भरले; कवयित्री आना द नोआय यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्या वर्षभरात चित्रे बर्मिंगहॅम, बर्लिन, मॉस्को, बोस्टन, न्यू यॉर्क अशी फिरली. कोणत्याही शाळेत न शिकलेल्या, सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेल्या कवीची ही रेषा पाहून समीक्षकांनी तिला जवळची वाटणारी कुळे शोधली. आनंद कुमारस्वामींना तिच्यात अस्सल आदिम कलेचा प्रत्यय आला. ती बालसुलभ आहे, बालिश नव्हे, असा भेद त्यांनी केला. पुढे 1959 मध्ये डब्ल्यू. जी. आर्चर यांनी तिचा उगम अबोध मनात शोधला. लंडनच्या वैद्यांना जे 9000 अनामिक रेखाटनांत दिसले, त्याचीच एक प्रतिष्ठित आवृत्ती येथे एका महाकवीच्या वाट्याला आली.

यापेक्षा कठोर वाचकही भेटले. रवींद्रनाथांनी 1930 मध्ये बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाला दिलेली पाच चित्रे 1937 मध्ये नाझी राजवटीच्या 'विकृत कला'विरोधी मोहिमेत तेथून काढून टाकण्यात आली. एका ठिकाणी जे आदिम म्हणून गौरविले गेले ते दुसऱ्या ठिकाणी विकृत म्हणून बाद झाले; आणि दोन्ही निर्णयांत रेषेच्या मूळ पानाचा विचार नव्हता.

४

स्वतः रवींद्रनाथांनी मात्र या रेषेचा जन्म वेगळ्या भाषेत सांगितला होता. हस्तलिखितातील खाडाखोड पाप्यांसारखी उद्धारासाठी टाहो फोडते, तिची विसंगत कुरूपता डोळ्यांना खुपते, म्हणून तिला लयीत सोडवून घेण्यात आपला वेळ जातो, अशा अर्थाचे त्यांचे निवेदन आहे. या निवेदनात अबोध मनाचा उल्लेख नाही, आदिमतेचा नाही. आहे ती लय. आणि लय ही कवीची संज्ञा आहे. ओळीतील एक शब्द काढून टाकला म्हणजे छंदाच्या दृष्टीने ओळ दुरुस्त होते, पण पानावर एक जखम राहते. ती जखम भरून काढण्याचे काम रेषा करते. म्हणजे कविता आणि चित्र यांच्यामागे सुधारण्याची एकच प्रेरणा काम करीत होती; फरक इतकाच की एक सुधारणा मुद्रणालयात गेली आणि दुसरी वहीतच राहिली.

खोडण्याच्या निरनिराळ्या रीती येथे ताडून पाहणे उपयुक्त ठरेल. आपल्याकडील पोथ्यांच्या परंपरेत लेखनिक चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासून ते झाकीत असे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. तेथे चूक अदृश्य व्हावी आणि तिच्यावर नवे अक्षर बसावे, एवढाच उद्देश होता. याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे हायडेगरकडून देरिदाने उचललेली फुली : शब्द अपुरा म्हणून खोडायचा, पण अपरिहार्य म्हणून वाचनीय ठेवायचा. रवींद्रनाथांची खाडाखोड या दोहोंत बसत नाही. ती शब्द झाकते, म्हणून देरिदाच्या फुलीशी तिची घाईने सांगड घालता येत नाही. परंतु झाकल्याची खूण ती लपवीत नाही, उलट तिलाच आकृतीचे रूप देते. शब्द नाहीसा होतो आणि त्याच्या नाहीशा होण्याला शरीर मिळते. संहितेच्या सिद्धांताला विचारात घ्यावी लागेल अशी ही तिसरी शक्यता आहे.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. रवींद्रनाथांची दोन हजारांहून अधिक चित्रे खाडाखोडीतून उगवलेली नाहीत. त्यांतील निसर्गदृश्ये आणि स्त्रियांचे गूढ चेहरे यांना स्वतःची रंगभाषा आहे. त्या सर्वांना वहीच्या समासात परत लोटणे अन्यायाचे होईल. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. चित्रांना वहीपासून मुक्त करताना वहीला चित्रांपासून मुक्त करण्याचा अधिकार कोणालाही प्राप्त होत नाही. 'पूरबी'चा अभ्यासक जेव्हा मुद्रित ओळींनाच संपूर्ण संहिता मानतो, तेव्हा कवीने ज्यावर कष्ट घेतले असा पानाचा अर्धा भाग तो टाकून देत असतो.

फ्रान्समध्ये 1970 नंतर विकसित झालेल्या, पाठाच्या घडणीचा मागोवा घेणाऱ्या समीक्षेने खर्ड्याला अभ्यासविषयाचा दर्जा मिळवून दिला. भारतात जादवपूर विद्यापीठाने 2013 मध्ये रवींद्रनाथांची हस्तलिखिते आणि मुद्रित आवृत्त्या एकत्र आणणारा 'बिचित्रा' हा संगणकीय संग्रह खुला केला. त्यामुळे जे पान 1924 मध्ये सान इसिद्रोच्या टेबलावर एका यजमानीणबाईंना दिसले, तसे पान आता कोणत्याही विद्यार्थ्याला पाहता येते. या नव्या वाचकाची स्थिती ओकाम्पोंपेक्षा वेगळी आहे : बंगाली जाणणाऱ्याला रेषा आणि ओळ दोन्ही एकाच वेळी वाचणे शक्य आहे. कोणती ओळ कोठे अडली, किती शब्द बाद झाले, त्यांतले कोणते एकमेकांना जोडले गेले आणि त्या जोडणीनंतर कवितेने कोणते वळण घेतले, हे प्रश्न आता अनुमानाचे राहिलेले नाहीत.

एफ्रोस यांनी पुश्किनच्या बाबतीत जे 1930 मध्ये केले ते रवींद्रनाथांच्या बाबतीत करण्याची साधने त्यामुळे हाताशी आली आहेत. मराठी वाचकाला रवींद्रनाथ प्रामुख्याने भाषांतरातून, म्हणजे मुद्रित आणि अंतिम अशा संहितेतूनच परिचित आहेत, आणि भाषांतरात खाडाखोड येत नाही. तरीही प्रश्न एका कवीपुरता वा एका भाषेपुरता नाही. कवींच्या वह्या जेथे जेथे जपल्या गेल्या आहेत तेथे संपादकाला ठरवावे लागते की, समासातील रेघोट्या हा कागदाचा डाग आहे की संहितेचा भाग. पाठभेदांची नोंद करताना खोडलेला शब्द टिपायचा आणि त्यावर उगवलेला पक्षी वगळायचा, ही विभागणी निरागस नाही; हेतूपूर्वक लिहिलेले तेवढेच साहित्य, ही भूमिका तिच्यामागे गृहीत असते. हौशी रेषेचा आजवरचा इतिहास या गृहीतकाच्या विरोधात साक्ष देतो. तिला मित्र वाचक मिळाले, वैद्य मिळाले, कलासमीक्षक मिळाले आणि नियंत्रकही मिळाले. ज्या शब्दाच्या जागी ती उमटली, तो शब्द शोधणारा साहित्याचा वाचक मात्र तिला फार थोड्या वेळा भेटला आहे.