वेक बेटाची हुकलेली कुमक

वेक हे प्रशांत महासागरातील चिमुकले प्रवाळबेट. 4 डिसेंबर 1941 रोजी ‘एंटरप्राइझ’ या अमेरिकी विमानवाहू नौकेने तेथे 12 वाइल्डकॅट लढाऊ विमाने पोचवली. चारच दिवसांत जपानी बाँबहल्ल्यात त्यांपैकी 7 जमिनीवरच जळाली; बेटावर रडार नव्हते. तरीही 11 तारखेला रक्षकांनी जपान्यांचा उतरण्याचा पहिला प्रयत्न उधळून त्यांच्या दोन विनाशिका बुडवल्या.

‘साराटोगा’ नौका बफेलो जातीची आणखी विमाने घेऊन निघाली होती. सोबतचे तेलवाहू जहाज संथ होते, त्यात वाटेत इंधन भरण्यात वेळ गेला. 23 तारखेला अमेरिकी प्रशांत नौदलाचे हंगामी सरसेनापती पाय यांनी ताफा परत बोलावला आणि त्याच दिवशी वेक पडले.

ताफा वेळेत पोचला असता तर, ही कल्पना रंगवताना लेखक सहसा ‘सोऱ्यू’ आणि ‘हिऱ्यू’ या जपानी विमानवाहू नौकांना विसरतात. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याहून परतताना त्या मुद्दाम वेककडे वळवल्या गेल्या होत्या. विमाने उतरली, तरी बाँबने उखडलेल्या तळावर त्यांचे सुटे भाग, इंधन, यंत्रज्ञ यांचे काय? बेट काही दिवस तगले असते, एवढेच फार तर म्हणता येते. त्यापायी ‘साराटोगा’ गमावण्याचा धोका मात्र खरा होता. तीच बफेलो तुकडी पुढे मिडवे बेटावर गेली आणि 4 जून 1942 रोजी जपानी झीरो विमानांपुढे तिची दाणादाण उडाली.