मुकी पोथी

युन्नानमधल्या लीज्यांगला गेलो तेव्हा दुकानांच्या पाट्या बघतच राहिलो. चिनी अक्षरांच्या जोडीला छोटी छोटी चित्रं! आधी वाटलं, टुरिस्टांसाठी सजावट असेल. मग कळलं, ही तिथल्या नाशी लोकांची दोंगबा लिपी.

गंमत म्हणजे नुसती चित्रं ओळखून जुनी पोथी वाचता येत नाही. तिच्यात प्रत्येक शब्द लिहिलेलाच नसतो. चित्रं फक्त आठवण करून देतात, बाकीचं दोंगबा पुजाऱ्याला पाठ असतं. पुजारी गेला की पोथी मुकी! नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा, एकही कॉमेंट नसलेला कोड ज्यांनी वाचलाय त्यांना हे बरोबर कळेल.

जोसेफ रॉक हा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ १९२२ मध्ये इथे आला तो झाडं गोळा करायला, आणि रमला या पोथ्यांत. पुजाऱ्यांना शेजारी बसवून त्याने अर्थ उतरवून घेतले. १९४४ मध्ये त्याची भाषांतरं बोटीने अमेरिकेला निघाली, आणि आपल्या अरबी समुद्रात जपानी पाणबुडीने ती बोट बुडवली. वर्षानुवर्षांची मेहनत तळाला!

तेव्हा रॉक साठीचा होता. तरी १९४६ मध्ये तो लीज्यांगला परतला आणि पुन्हा पुजाऱ्यांसमोर बसला. १९४९ मध्ये सत्तापालट झाला आणि त्याला कायमचं निघावं लागलं. १९६२ मध्ये तो वारला. त्याच्या नाशी कोशाचा पहिला खंड आला १९६३ मध्ये.

२००३ मध्ये युनेस्कोने या पोथ्या जागतिक स्मृतींच्या यादीत घेतल्या. चांगलंच झालं. पण रॉकला दुसऱ्यांदा लिहिता आलं ते यादीमुळे नव्हे, सांगणारे अजून जिवंत होते म्हणून.

परत आल्यावर पहिलं काम केलं: आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. अर्थासकट.