खुल्या फाइलसूचीतील चित्रफिती (कुवेत)

वेबसर्व्हरवरील फोल्डरमध्ये मुखपृष्ठाची फाइल नसली आणि यादी दाखवण्याची सोय सुरू असली, की ब्राउझरमध्ये त्यातील फाइलींची नावे, आकार व तारखा दिसू लागतात. अपाचे सर्व्हरवर अशा पानाचे शीर्षक ‘इंडेक्स ऑफ’ने सुरू होते आणि शोधयंत्रात अशी पाने त्यावरूनच सापडतात. काही सूच्या मुद्दाम खुल्या ठेवलेल्या असतात, तर काही निव्वळ दुर्लक्षामुळे उघड्या राहतात. यादी दिसली म्हणजे आतला चित्रपट उतरवण्याची परवानगी मिळाली, असे होत नाही.

कुवेतमध्ये स्वामित्वहक्काचा २०१९ चा कायदा क्र. ७५ लागू असून त्याचे प्रशासन राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आहे. देश २०१४ पासून बर्न कराराचा सदस्य असल्याने भारतीय चित्रपटांनाही संरक्षण मिळते. संगणकप्रणालीतील बेकायदा प्रवेशासाठी २०१५ च्या कायदा क्र. ६३ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, ५०० ते २,००० दिनार दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. त्यामुळे दुसऱ्याच्या सर्व्हरवर पत्ते बदलून बंद फोल्डर चाचपडणे तेथील नोकरदाराने कटाक्षाने टाळावे.

तेथील मराठी कुटुंबांना जुने चित्रपट रीतसर मिळू शकतात. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ‘श्यामची आई’ची (१९५३) ही मुदत २०१३ अखेर संपली. पटकथेचा हक्क मात्र वेगळा असून तो लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात: पटकथाकार आचार्य अत्रे १९६९ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांच्या लेखनाचे संरक्षण २०२९ अखेरपर्यंत आहे. सानेगुरुजींच्या मूळ पुस्तकाचे संरक्षण २०१० अखेर संपले. ही गुंतागुंत पाहता ‘जुना म्हणजे मोफत’ हा समज सोडावा.

१९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्हवर प्रत्येक नोंदीची फाइलसूची अधिकृतपणे खुली असते, शिवाय फाइलींचे पडताळणी-अंकही मिळतात. उतरवलेल्या फाइलीचा अंक तेथील अंकाशी जुळला, तर ती वाटेत बिघडलेली नाही हे कळते. मात्र तेथे साहित्य कोणीही चढवू शकतो, म्हणून नोंदीवरील परवाना वाचावा आणि हक्काची मुदत स्वतः तपासावी.

अनोळखी सूचीत सर्वांत मोठा धोका नावाचा. विंडोजमध्ये फाइलीचे विस्तारनाम सहसा लपलेले असते, त्यामुळे ‘एमपी४’ भासणारी फाइल प्रत्यक्षात ‘ईएक्सई’ असू शकते. विस्तारनाम दाखवण्याची सोय सुरू करावी. दोन तासांचा चित्रपट जेमतेम दोन एमबीचा दिसला, किंवा तो पाहण्यासाठी खास प्लेअर वा कोडेक बसवायला सांगितले, तर ती फाइल उघडू नये.