गिरणगावाची झोप

मुंबईत कापडाची पहिली गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. सुरुवातीची काही दशके गिरणीचा दिवस सूर्याबरोबर चाले. उजाडताना यंत्रे सुरू होत, अंधार पडला की थांबत. उन्हाळ्यात दिवस फार लांबे, पण रात्र तरी कामगाराची असे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळला भरलेल्या सभेच्या मागण्याही याच हिशेबाच्या होत्या: काम साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, दुपारी अर्धा तास सुटी मिळावी, आठवड्यातला एक दिवस मोकळा असावा. अर्जावर साडेपाच हजार सह्या झाल्या. रविवारची सुटी मात्र १० जून १८९० रोजी पदरात पडली.

विजेच्या दिव्यांनी हा हिशेब मोडला. १९०५ च्या तेजीत काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्यात जाणे-येणे, स्वयंपाक आणि नळावरची रांग धरली, तर झोपेला पाच-सहा तासही उरणे कठीण होते. त्यावर ओरड झाली, चौकशी समित्या बसल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली.

तास कमी झाले तरी झोपायला जागा हवी होती. बहुसंख्य कामगार एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे पुरुष गाळा भाड्याने घेऊन दाटीवाटीने राहत. पेट्या भिंतीशी, कपडे दोरीवर, वळकट्या कोपऱ्यात. पावसाळा नसला की निम्मे लोक गॅलरीत, गच्चीवर किंवा फुटपाथवर पथारी टाकत. खाट ही चैन होती. ती ठेवायला जागाही नसे.

या जमिनीवरच्या झोपेचा धोका प्लेगने दाखवला. १८९६ मध्ये मांडवीत साथ सुरू झाली, तेव्हा अधिकाऱ्यांचा रोख घाण आणि कोंदट हवेवर होता. उजेड यावा म्हणून घरांची छपरे उघडली गेली. १८९८ च्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनेही हवा-उजेडासाठी वस्त्या पाडून रस्ते काढले. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या प्रयोगांनी खरा वाहक उंदरावरची पिसू असल्याचे सिद्ध केले. प्लेगच्या खोलीत जमिनीलगत ठेवलेले गिनिपिग मेले, पुरेशा उंचीवर टांगलेले वाचले. पिसवेची उडी काही इंचांचीच असते. फरशीवर अंथरूण घालणाऱ्या माणसाला मात्र ती सहज गाठू शकत होती.

१९३० च्या दशकात दोन पाळ्या रुळल्या आणि झोपेचीही पाळी लागली. रातपाळीवाला सकाळी खोलीवर येई, तेव्हा दिवसपाळीवाला वळकटी गुंडाळून गेलेला असे. जागा तीच. पण दिवसा शेगडीचा धूर, पोरांचा गलका आणि फेरीवाल्यांच्या हाका असत, त्यामुळे रातपाळीवाल्याच्या वाट्याला आलेली झोप निकृष्टच होती.

कायदा पुढे सरकत राहिला. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. रात्रीच्या कामाची बंदी स्त्रिया आणि मुलांपुरती होती. पुरुषांचे तास मोजले गेले, ते दिवसाचे की रात्रीचे हे गौण राहिले. रात्रपाळीने शरीराचे घड्याळ बिघडते, हा प्रश्न आरोग्यशास्त्राने बऱ्याच उशिरा हाती घेतला. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले आणि २०१९ मध्ये हा निष्कर्ष कायम ठेवला.