शाळा सुटल्यावर

दादर स्टेशनजवळची छबिलदास शाळा. दिवसा वर्ग, संध्याकाळी नाटक. १९७४ साली ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने इथल्या सभागृहात मुक्काम टाकला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. मराठी रंगभूमीचा हा काळ आजही शाळेच्याच नावाने ओळखला जातो : छबिलदास चळवळ.

ती संपल्यावर माझा जन्म झाला. त्यामुळे तिथली नाटकं मी पाहिलेली नाहीत. मला कुतूहल आहे ते जागेचं.

अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ सुरू केली, तेव्हा स्वतःचं थिएटर नव्हतं. सुलभाताई याच शाळेत शिकवलेल्या. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं भरायचं तर तिकिटं खपायलाच हवीत, आणि तो धाक डोक्यावर असताना नवं काही करून बघणार कसं? शाळेच्या हॉलमध्ये धाक कमी होता. प्रेक्षक हाताच्या अंतरावर, नेपथ्य जेमतेम. इतर संस्थांनाही तिथे प्रयोग करता आले. नाटक पडलं तरी पुढचं करायला जागा शिल्लक राहायची.

पुढे छबिलदास सुटलं. ‘आविष्कार’ माहीमला गेली, तीही महापालिकेच्या शाळेतच.

आपल्याकडे कलेसाठी जागा म्हटलं की नव्या इमारतीची मागणी होते. ती जरूर व्हावी. पण तुमच्या-माझ्या शाळेचा हॉल आज संध्याकाळी कुलूपबंदच असेल. छबिलदासमध्ये कुणीतरी ते कुलूप उघडलं होतं, एका दिवसापुरतं नाही, रोजच्यासाठी.